डिक्कीतलं वजन

माझ्या गाडीचं आवरेज चांगलं आहे, हे मी आता कुणाला सांगत नाही. दुकानात ब्लाउज टाकायला आलेली एखादी बाई सहज विचारते, "ताई, किती देते हो तुमची गाडी?" तेव्हा मी "देते बापा ठीकठाक" म्हणते आणि गळ्यातला टेप काढून तिच्या खांद्याचं माप घ्यायला लागते. खरं विचाराल तर खामगावात त्या गाडीला माझ्याएवढं आवरेज काढणारं दुसरं कुणी असेल असं मला वाटत नाही. आणि नेमकी ह्याचीच मला लाज वाटते. पेट्रोल वाचवण्यात लाज कसली, असं कुणीही म्हणेल. मीही म्हणत होते.

गाडी घेतली ती ह्यांच्या हौशीनं. ह्यांचं मोटारपंप आणि पाइपांचं दुकान आहे. ज्या माणसाचा सगळा दिवस 'ही मोटार लाइट किती खाते आणि पाणी किती फेकते' ह्या एका प्रश्नात जातो, त्याच्या दारात गाडी आली तर तो तिलाही तेच विचारणार. गाडी लहान, इंजिन त्याहून लहान, पण त्याला टर्बो लावलेला. टर्बो म्हणजे काय ते ह्यांनी मला मी चहा गाळत असताना समजावून सांगितलं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, जास्तीची हवा आली की जास्तीचं पेट्रोल जळतं, आणि लहानसं इंजिन मोठ्यासारखं धावतं. "म्हंजे पाह्य," हे म्हणाले, "पाय हलका ठेवला तं बकरी, दाबला तं म्हैस. चाराबी तसाच लागते."

तेव्हापासून आमच्या घरात बकरी पाळायचा धर्म सुरू झाला. दर रविवारी सकाळी उन्हं वर यायच्या आत टायरात हवा. डिक्कीतून छत्री गेली, पाण्याची कॅन गेली, माझ्या जादा चपला गेल्या. एसी म्हणजे पेट्रोलचोर, म्हणून एसी बंद. काचा उघडाव्यात तर वारा गाडीला मागं ओढतो, म्हणून काचाही बंद. मे महिन्यात आम्ही दोघं त्या गाडीत बसून लग्नाला निघालो की उतरेपर्यंत माझ्या चेहऱ्यावरची पावडर गळ्यापर्यंत आलेली असायची. ब्रेक मारणं तर ह्यांना पाप वाटे. ब्रेक मारला म्हणजे आधी जाळलेलं पेट्रोल पाण्यात गेलं, असा ह्यांचा हिशेब. पुढच्या गाडीपासून एवढं अंतर ठेवायचं की ती हळू झाली तरी आपण नुसता पाय काढून घ्यावा. त्या अंतरात मग कुणीही घुसायचं. एकदा नांदुऱ्याच्या रस्त्यावर एक सहा सीटर रिक्षा, मागच्या फळीवर माणसं लटकलेली, आम्हाला मागं टाकून गेली. लटकणाऱ्यांतली एक बाई माझी गिऱ्हाईक निघाली. तिनं मला हात केला. मी खाली वाकून पर्समध्ये काहीतरी शोधल्यासारखं केलं.

म्हणजे लाज मला आधीही वाटत होती, पण ती ह्यांची. नवऱ्याची लाज वाटणं ही काही मोठी गोष्ट नाही, ती बायकांच्या अंगवळणी पडलेली असते. चारचौघींत हसून सांगितली की उतरते.

गाडी मी शिकले ती ह्यांच्याकडूनच, आणि पहिले काही महिने शिव्याच खाल्ल्या. क्लच सोडला की गाडी बंद, चढावर थांबली की मागं, असं सगळं झालं. पण एक गोष्ट माझ्या लवकर ध्यानात आली. माझा उजवा पाय ह्यांच्यापेक्षा हुशार होता. माझी शिलाई मशीन मोटारीवर चालते. पायाखालचं पायडल किती दाबायचं त्यावर सुईचा वेग ठरतो. रेशमी कापडावर गळा काढताना टाका एक एक पडावा इतका हलका पाय ठेवावा लागतो, आणि सरळ शिवण आली की हळूहळू वेग वाढवावा लागतो. एकदम दाबलं तर कापड गोळा होतं. हे मी वर्षानुवर्षं करत आले. ॲक्सिलरेटर म्हणजे तेच पायडल, हे एकदा कळलं आणि गाडी माझी झाली.

ह्यांची चूक कुठं होते तेही मला ऐकू यायला लागलं. ह्यांचा सगळा भरवसा टॉप गिअरवर. टॉप टाकला की गाडी फुकट चालते, असं खामगावातल्या अर्ध्या लोकांचं मत आहे. म्हणून हे गावातून बाहेर पडायच्या आतच पाचवा टाकायचे. मग इंजिन थरथर कापायचं, घरघर करायचं, जाड जीनच्या घडीत सुई अडकल्यावर मशीन कण्हते तसं. वेग धरत नाही म्हणून हे पाय दाबत जायचे, टर्बो उठायचा, आणि वाचवलेलं सगळं एका चढात जायचं. मी मात्र आवाजावर गिअर टाकायची. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या आसपास आला की पुढचा, कण्हायला लागली की मागचा. पाय असा ठेवायचा की टर्बोचा तो शिट्टीसारखा आवाज येऊ नये, पण गाडीला धापही लागू नये. उताराला हे न्यूट्रल करायचे. मी एकदा विसरून गिअरमध्येच ठेवली आणि पाय पूर्ण काढला, तर समोरच्या पडद्यावर आवरेजचा आकडा एकदम नव्याण्णवावर जाऊन बसला. गिअरमध्ये राहिली की चाकंच इंजिनाला फिरवतात, पेट्रोल लागतच नाही. न्यूट्रल केली की नुसतं चालू राहायला का होईना, इंजिन पेट्रोल पितं. शिवाय गिअरमध्ये ठेवली की सगळा भार ब्रेकवर येत नाही ते वेगळंच. मी हे ह्यांना सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "हाव, तू लय मोठी मेकॅनिक." पण दुसऱ्या दिवसापासून न्यूट्रल करणं बंद झालं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, अशी माझी गत झाली. आधी मी ह्यांना हसत होते, मग ह्यांच्याशी चढाओढ करायला लागले. कोण किती आवरेज काढतो ते घरात भाजीच्या चवीपेक्षा जास्त बोललं जाऊ लागलं. गाडी थांबली की किल्ली काढायच्या आधी पडद्याचा फोटो काढायचा आणि फॅमिलीच्या ग्रुपवर टाकायचा. माझा फोटो आला की माझा भाऊ शाबासकीचा अंगठा टाकायचा आणि ह्यांना डिवचायचा. मला खूप बरं वाटायचं. दहावी नापास बाई मी. कधी कुठल्या गोष्टीत पहिली आले नव्हते.

माझं माहेर अमडापूरचं. भावाची विहिरीवर भाजी असते, वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कांदा, आणि बाकी शेतात तूर, सोयाबीन, हरभरा. खामगावहून अमडापूरला जाताना रस्ता चढत जातो आणि येताना उतरत येतो. म्हणून जाताना आवरेज कमी पडायचं आणि येताना वाढायचं. आमची खरी चढाओढ परतीच्या रस्त्यावर असे.

आणि परतीच्या रस्त्यावर डिक्की भरलेली असे.

इथं मला आईबद्दल सांगायला हवं. वडील गेल्यावर शेत भावाकडे आलं, ते रीतीप्रमाणेच झालं. भाव ठरवणं, मजूर सांगणं, बाजाराला जाणं सगळं त्याच्या हाती. स्वयंपाकघर वहिनीचं. वहिनी चांगली आहे, आईला काही कमी पडू देत नाही, पण आईला विचारून काही होतं असंही नाही. आईकडे एकच गोष्ट राहिली होती. कुठलंही पीक घरात आलं की ती त्यातून थोडं बाजूला काढून ठेवायची आणि म्हणायची, "हे तिचं." ती म्हणजे मी. ज्वारी असो, मूग असो, लाल कोहळं असो, तिनं "हे तिचं" म्हटलं की भाऊसुद्धा त्याला हात लावायचा नाही. त्या घरात आईचा शब्द चालायचा तो एवढ्यापुरता.

गाडी नव्हती तेव्हा बसमध्ये नेता येईल एवढंच ती द्यायची, आणि तरी कंडक्टर कटकट करायचा. आम्ही गाडी घेतली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला. तिनं गाडीभोवती चक्कर मारली, पुढं पाहिलंच नाही, डिक्की उघडायला लावली. आत हात घालून खोली पाहिली. "बरं झालं बापा," ती म्हणाली, "आता देल्ल्यासारखं देता येईन." त्यानंतर आम्ही गेलो की दुपारी ती अंगणात यायची, पदर खोचायची आणि डिक्की भरायला लागायची. आधी पोती, मग कोहळी, वरून भाज्या, कडेला लोणच्याची बरणी, बरणी हलू नये म्हणून तिच्याभोवती मेथीच्या जुड्या. एवढा थाट तिचा दुसऱ्या कुठल्या कामात दिसायचा नाही. हे गाडीच्या एवढ्या वेडाचे, छत्रीचंही ओझं न खपणारे, पण सासूच्या पोत्याला कधी एक शब्द बोलले नाहीत. जावयानं बोलू नये एवढी अक्कल त्यांना होती.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही गेलो. जाताना ह्यांनी गाडी चालवली आणि चढाच्या रस्त्याला मला लाजवेल असा आकडा काढला. माझंच ऐकून, आवाजावर गिअर टाकून. सगळ्या रस्त्यानं मला टोमणे मारत आले. मी मनात ठरवून टाकलं की परतीला ह्यांचा आजवरचा मोठ्यातला मोठा आकडा मोडायचाच.

दुपारी मी अंगणात आले तर आईनं डिक्की भरत आणली होती. ज्वारीचा कट्टा, मुगाची थैली, कांदे, तीन कोहळी. मागचे टायर बसल्यासारखे दिसत होते. निदान मला तसे दिसले.

"आई, एवढं नको," मी म्हणाले. "गाडी जड होते."

"जड होते म्हंजे? बैलगाडीत तं याच्या दसपट जाते."

"बैल पेट्रोल पेत नाई ना."

वहिनी हसली. आईही हसली. मला तिथंच थांबता आलं असतं. पण मला शिकवायची हौस आली. गावातल्या बायकांना मी गाडीबद्दल सांगते तेव्हा त्या तोंडाकडे पाहत राहतात, त्याची चटक लागली होती. मी आईला सगळं समजावून सांगितलं. वजन वाढलं की इंजिनाला जोर लागतो, जोर लागला की टर्बो उठतो, टर्बो उठला की पेट्रोल जातं. चढाला तर फारच जातं. आई नीट ऐकत होती. तिनं मध्येच विचारलंही, "चढाले जास्त?" मी म्हटलं, "मंग! चढाले एकेक किलो मोजून पेते." एवढ्या मन लावून आईनं माझं कधी ऐकलं नव्हतं, आणि मी खूश होते.

"मंग ज्वारी काढू?" तिनं विचारलं.

"काढ."

"अन् कोहळे?"

"एक ठेव. बाकीचे काढ."

हे ओट्यावर चहा घेत बसले होते. म्हणाले, "अवं राहू दे ना. आई देऊन राह्यल्या तं."

"तुमी चूप बसा," मी म्हणाले. "तुमचा आकडा मोडन म्हून भेव लागलं का तुम्हाले?"

सगळे हसले. वहिनीनं ज्वारीचा कट्टा ओढत घरात नेला. कोहळी आईनं स्वतः नेली, एक एक करून, कडेवर घेऊन. मी तिच्याकडे पाहत उभी नव्हते. मी खाली बसून टायर पाहत होते.

त्या दिवशी मी गाडी जशी चालवली तशी आजवर कधी चालवली नाही. गाव सोडल्यावर चौथ्यात जरा वेळ राहिले, मग अलगद पाचवा. समोर कापसाचा ट्रॅक्टर दिसला की दुरूनच पाय काढला, तो वळेपर्यंत गाडी आपली आपण हळू झाली, ब्रेकला हात नाही की पाय नाही. उतार आला की गिअरमध्ये सोडून दिली. उतार संपायच्या जरा आधी, गाडीचा जोर ओसरायच्या आत, पाय टेकवला. हे शेजारी परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखे बसले होते. खामगावात घरासमोर थांबले, आणि आकडा ह्यांच्यापेक्षा पुष्कळ वर होता. मी फोटो काढला, ग्रुपवर टाकला. भावाचा अंगठा आला, भाचीचे टाळ्या वाजवणारे हात आले. हे म्हणाले, "मानलं बापा तुले." त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही, हे लिहिताना मला आता शरमेनं कसंतरी होतं.

आईकडे तसला फोन नाही. वहिनीनं तिला आपल्या फोनवर तो फोटो दाखवला. आईनं विचारलं म्हणे, "वजन काढलं म्हून झालं का?" वहिनी म्हणाली, हो. हे मला वहिनीनंच फोनवर हसत हसत सांगितलं, आणि मीही हसले.

पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा आई अंगणात आली नाही. आम्ही निघताना तिनं माझ्या हातात एक पिशवी दिली. मुगवड्या आणि वाळवलेली मेथी. म्हणाली, "हलकं हाये. काई होत नाई एवढ्यानं." त्याच्या पुढच्या वेळी कुरडया. मग उडदाचे पापड, कागदात गुंडाळलेले. प्रत्येक वेळी ती म्हणायची, हलकं हाये. डिक्की रिकामी राहायची आणि आवरेज छान पडायचं. मला काही खटकलं नाही. उलट मी ह्यांना म्हणाले, बरं झालं, आई आता समजून घ्यायला लागली. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि सगळ्यांत जास्त लाज मला त्या सुटल्यासारखं वाटण्याची वाटते. आई घरी बसून काय करत होती ते मला कुठं माहीत होतं? पीक येई तेव्हा "हे तिचं" म्हणायचं तिनं सोडून दिलं होतं. काढून ठेवायचं कशाला, न्यायचं नाही तर? भावानं ते धान्यही बाजारात नेलं. त्याचं काही चुकलं नाही, त्याला कुणी काही सांगितलंच नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर आईच्या डोळ्याचं ऑपरेशन खामगावात ठरलं. मोतीबिंदू होता. मी गाडी घेऊन न्यायला येते म्हणाले, तर ती म्हणाली, उगाच कायले, आणि भावाबरोबर बसनं आली. मला वाटलं, गाडीत तिला मळमळतं. ऑपरेशन छान झालं. चार दिवस माझ्याकडे राहिली, काळा चष्मा लावून दुकानात माझ्या मशीनशेजारी बसायची, आल्यागेल्या बायकांना आपला डोळा दाखवायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खाली वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही.

मी तिला पोचवायला निघाले. हे दुकानात होते, आम्ही दोघीच. आई पुढं बसली. पट्टा लावून दिला. चौकात आल्यावर ती म्हणाली, "मले बसस्टँडवर सोडून दे बाई."

"काऊन? मी घरी नेऊन राह्यली ना तुले."

"मी बसनं जातो. अमडापूरची गाडी लागलीच असन."

"डोळ्याचं ऑपरेशन झालं तुह्यं. बसमधी धक्के खात जाशीन का?"

ती अगदी साध्या आवाजात, मला समजावल्यासारखी म्हणाली, "अवं, चढाचा रस्ता हाये. चढाले एकेक किलो मोजून पेते म्हनं तुही गाडी. माह्यं वजन काई कमी हाये का? मी बसली तं तुह्यं आवरेज पडन."

तिच्या बोलण्यात टोमणा असता तर मी भांडले असते. मी भांडकुदळ आहे, आईशी तर जास्तच भांडते. पण टोमणा नव्हता. मी शिकवलं होतं, ती शिकली होती, आणि शिकलेलं तिनं स्वतःला लावलं होतं. मी गाडी बसस्टँडकडे वळवली नाही, एवढंच मला सुचलं. "गुपचूप बस," मी म्हणाले. रागावून म्हणाले. लाज वाटली की मी रागावते, ही माझी जुनी सवय आहे, आणि त्या दिवशीही राग आईवरच निघाला.

मी एसी लावला. पाय दाबला. टर्बो शिट्टी वाजवत उठला, गाडी चढाला उधळली, मी मुद्दाम तिसऱ्यात ओढत नेली. पायडलवर पाय असा आदळत होते की माझ्याकडे शिवण शिकायला येणाऱ्या पोरींनी तसं केलं असतं तर मी हातावर पट्टी मारली असती. आई पुढच्या कप्प्याला धरून बसली होती. ती समोरच्या पडद्याकडे पाहत होती. तिला लिहिता येत नाही, पण आकडे येतात, जन्मभर भाजी विकली आहे तिनं.

"आता आकडा साफ दिसून राह्यला," ती म्हणाली. तिला नव्या डोळ्याचं कौतुक वाटत होतं. मग म्हणाली, "इतला कमी? माह्यामुळं झाला का वं?"

"नाई," मी म्हणाले. "माह्यामुळं झाला." आणि बटण दाबून पडद्यावर घड्याळ आणलं.

घरी पोचल्यावर मी पहिलं काम केलं ते डिक्की उघडायचं. वहिनीला हाक मारली. आई अंगणात बाजेवर बसली होती, तिला वाकायचं-उचलायचं नव्हतं. नुकताच हरभरा निघाला होता, ओट्यावर पोत्यांची थप्पी होती. मी म्हणाले, "वहिनी, हरभऱ्याचं पोतं द्या मले. अन् कांदे. अन् जे असन ते. भरून द्या." वहिनी माझ्याकडे पाहतच राहिली, कारण मागून घ्यायची आमच्यात रीत नाही. माहेरी लेक मागत नसते, तिला देतात. मला तेही कळत होतं. वहिनी ओट्यावर गेली, पोत्याला हात घातला आणि सवयीनं आईकडे पाहिलं.

"अर्धंच दे," आई बाजेवरून म्हणाली. "गाडी जड होईन तिची."

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "आई, काई जड होत नाई. जाताना उतार हाये सगळा. उताराले गाडी आपली आपण चालते, वजनानं काई फरक पडत नाई. उलट बरंच हाये."

हे मी तिला बरं वाटावं म्हणून सांगत होते. बोलून झालं तेव्हा मला कळलं मी काय बोलले.

आईनं चष्मा काढला. अजून काढायचा नव्हता, तरी काढला, आणि नव्या डोळ्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मंग दिवाळीच्या बखतीले काऊन काढलं होतं? तवाबी उतारच होता ना?"

वहिनी पोत्याचं तोंड हातात धरून उभी होती. मी म्हणाले, "चुकलं माह्यं, आई."

"चुकलं कायचं," ती म्हणाली, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "नवीन नवीन शिकून राह्यली होती तू." मग वहिनीकडे वळून तिनं पुन्हा तेच सांगितलं, अर्धंच दे. मी नको म्हणत असतानाही वहिनीनं तिचं ऐकलं, आणि उरलेला हरभरा घरात नेऊन ओतला.